दोन गाड्यांच्या मधला जालिंदर

जालिंदर मला पहिल्यांदा दिसला तो पाठमोरा, एका पायावर उभा.

माघाचे दिवस होते. मंचरच्या बाहेर, कांद्याच्या बाजाराकडे वळणाऱ्या रस्त्यावर माझ्या भाचीची, जयाची, चहाची टपरी आहे. रस्त्याच्या पलीकडे वजनकाटा. जमिनीत बसवलेली लांबलचक लोखंडी प्लेट, तिच्या कडेला काचेची केबिन आणि केबिनच्या डोक्यावर लाल आकड्यांची पाटी. कांद्याची नाहीतर बटाट्याची गाडी प्लेटवर चढते, लाल आकडे पळतात, थांबतात, खिडकीतून पावती बाहेर येते, गाडी उतरते. त्या केबिनमध्ये बावन्न-त्रेपन्न वर्षांचा, आडव्या बांध्याचा एक माणूस सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत बसलेला असायचा. त्याचं मला फक्त डोकं माहीत होतं. बाकीचा माणूस त्या दिवशी बघितला.

मी चाळीस वर्षं तमाशात काढली. नारायणगावच्या एका फडात नाचले, वगात राण्या केल्या, वय उतरल्यावर त्याच राण्यांच्या सासवा केल्या. आता त्र्याहत्तर वर्षांची आहे. लोक मला अजून फडातल्या नावाने सोनीबाईच म्हणतात, पण पायांना ते नाव पटत नाही. दिवसभर जयाच्या टपरीत खुर्चीवर बसून समोरचा रस्ता बघते. पूर्वी मी वर उभी असायचे आणि बघणारे खाली बसायचे, आता उलट झालंय एवढंच. पण आयुष्यभर बघणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत नाचल्यामुळे माणूस कधी नुसता उभा आहे आणि कधी काहीतरी करतो आहे, हे मला लांबून कळतं.

तर हा माणूस प्लेटच्या मधोमध एका पायावर उभा होता. दोन्ही हात पसरलेले. डोक्यावर लाल पाटीत आकडा, ९०. म्हणजे काट्याने त्यालाच मोजलं होतं. मग त्याने पाय बदलला. मग टाचा उचलून चवड्यांवर वर-खाली, वर-खाली, वीसेक वेळा. मग प्लेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टाचेला चवडा लावत चालला, डोंबारी दोरावर चालतो तसा. तेवढ्यात एका ट्रकने हॉर्न दिला आणि हा केबिनमध्ये शिरला. सगळा खेळ दोन-अडीच मिनिटांचा.

पाऊण तासाने पुन्हा बाहेर. या वेळी केबिनच्या खिडकीच्या कठड्याला हात लावून भिंत ढकलल्यासारखं करत होता. गाडी आली, हा आत.

"जया, हा काय करतो गं?"

"कोण, जालिंदरभाऊ? आठ-दहा दिस झालं, तू नारायणगावला गेलतीस तवापासनं असंच चाललंय," जया गाळणीतून चहा ओतत म्हणाली. "डायवर लोक म्हनत्यात, डोक्यावर परिनाम झालाय. कुनी म्हनतं नवस बोललाय. तो मिश्यावाला तर म्हनतो, काटा नीट चालतो का ते सोताला मोजून बघतोय."

तिन्ही गोष्टी मला पटल्या नाहीत. वेडा माणूस वेळ पाळत नाही. हा पाळत होता. एका गाडीची धूळ खाली बसायची आणि दुसरीचा हॉर्न वाजायचा, त्या मधल्या फटीत हा नेमका बाहेर यायचा. शिवाय त्याच्या तोंडावर जे होतं ते मी ओळखत होते. विंगेत उभ्या असलेल्या, पुढच्या प्रवेशाची धास्ती घेतलेल्या माणसाच्या तोंडावर असतं तेच. हा कसली तरी तालीम करत होता. कसली, ते कळेना, आणि कळल्याशिवाय मला चहा गोड लागेना.

कळलं ते पिंप फुटल्यावर.

आपल्याकडे एक रीत आहे. गाडी मागे-पुढे घ्यायची असली की रस्त्यावरचा कुणीही माणूस हात करायला लागतो, आणि ड्रायव्हर त्याला "तू कोण?" असं न विचारता निमूट ऐकतो. सयाजी नावाचा एक पिकअपवाला आमच्या टपरीशेजारी गाडी लावून चहा पिऊन निघाला होता. गाडीत बटाट्याची पोती. गाडीचं तोंड काट्याकडे, पाठ आमच्या पाण्याच्या निळ्या पिंपाकडे. त्याने गाडी चालू केली आणि समोर बघितलं, तर प्लेटवर जालिंदर उभा, दोन्ही तळवे छातीपासून जोरजोरात पुढे ढकलतोय. सयाजीला वाटलं, मागं घे म्हणतोय. त्याने घेतली. जालिंदर ढकलतच होता. सयाजीने आणखी घेतली.

पिंपाचा आवाज झाला तो फडातल्या फुटक्या ढोलकीसारखा. पाणी माझ्या चपलांपर्यंत आलं.

"आरं ए जालिंदर!" सयाजी खाली उडी मारून ओरडला. "मागं मागं करतोस आन मागं पिंप हाय ते दिसंना का तुला?"

जालिंदर धावत रस्ता ओलांडून आला. "म्या कुठं तुला मागं म्हनलं?"

"मग दोन्ही हातांनी काय, माश्या मारत व्हतास?"

"हाताचा व्यायाम करत व्हतो रं."

सयाजी त्याच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे, मग पिंपाकडे. "व्यायाम," तो म्हणाला. "पावणं, व्यायाम करायचा तर त्वांड तिकडं करून करा की राव. हितं गाड्या चालत्यात."

नवं पिंप आणायचं त्या दोघांनी आपसात ठरवलं. सयाजी हसत निघून गेला. जालिंदर मात्र ओशाळून उभा राहिला. मी खुर्ची पुढे सरकवली.

"बस."

"नगं मावशी. बसूनच तर ही गत झालीया."

असं म्हणून त्याने उभ्यानेच चहा घेतला आणि उभ्यानेच मला सगळं सांगितलं.

जालिंदरचं घराणं मेंढरं राखणारं. त्याच्या बापाने, म्हस्कूने, उभी हयात चालण्यात काढली. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन डोंगर उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं, मध्ये चैत्रातल्या यात्रेपुरतं तेवढं घरी. जालिंदरच्या वाट्याला दहावी आली, मग कॉम्प्युटरचा कोर्स आणि मग ही केबिन. बावीस वर्षं तो एका खुर्चीत बसला. मेंढरं विकली गेली, पण घराण्याचा एक मान राहिला. चैत्रात गावच्या भैरवनाथाच्या यात्रेला देवाची काठी त्यांच्या घरातून निघते. काठी म्हणजे वीस हातांचा बांबू, त्याला रंगीत कापडं गुंडाळलेली, शेंड्याला पितळी कळस आणि मोरपिसं. कमरेला पट्टा बांधायचा, पट्ट्याला चामड्याची वाटी असते, तिच्यात काठीचं बूड ठेवायचं आणि काठी उभी धरून, खेळवत, दीड किलोमीटर टेकडीवरच्या देवळापर्यंत न्यायची. शेंड्याला बांधलेले चार दोर चौघे जण चार बाजूंनी धरून चालतात, काठी फार कलली तर सावरायला. काठीचं बूड मातीला टेकता कामा नये. टेकलं की मान गेला.

"गेल्या साली शाळंच्या वळनावर माजं हात थरथराया लागलं," जालिंदर म्हणाला. "काठी कलली. लिंबाच्या फांदीत कळस अडकला म्हनून, न्हायतर खालीच व्हती. दुसऱ्यांनी धरली. तिथनं म्होरं म्या नुसता हात लावून चाललो."

"मग?"

"यात्रा कमिटीचा भरत चांगला मानूस हाय. पर तो बी काय करंल? म्हनला, जालिंदरनाना, या साली बघू. या साली बी कलली तर पुढल्या सालापासनं काठी टॅक्टरच्या ट्रॉलीत उभी करू, साखळदंडानं बांधू. कुनाच्या डोक्यात पडायला नगं." त्याने कप खाली ठेवला. "ट्रॉलीत, मावशी. आमच्या बाची काठी. उसावानी."

हे ऐकून त्याने पहिल्यांदा जे केलं ते कुणीही करील. तरुण पोरांच्या जिममध्ये गेला आणि चार दिवस तासभर वजनं उचलली. पाचव्या दिवशी कंबर धरली. डॉक्टरांनी साखर तपासली, ती वाढलेली. ते म्हणाले, तासाभराचा पराक्रम राहू द्या, आधी ते अकरा तासांचं बसणं मोडा. अर्ध्या-पाऊण तासाला उठा, दोन-तीन मिनिटं हातपाय हलवा, पुन्हा बसा. तेवढंच, पण दिवसभर. केबिन इतकी लहान की हात पसरले तर काचेला लागतात, म्हणून हा प्लेटवर यायचा.

"दोन-दोन मिनिटांनी काय व्हनार, असं मला बी वाटतं," तो म्हणाला. "पर दुसरं करायला कंबर न्हाई म्हनती."

मलाही तेच कुतूहल लागलं. दोन मिनिटांनी काय होतं?

त्या दिवसापासून मी मोजायला लागले. सकाळी पाच वेळा, दुपारनंतर सहा-सात वेळा. बाजाराच्या दिवशी गाड्यांची रांग लागली तर कमी, पण तेव्हाही तो दोन पावत्यांच्या मध्ये खुर्चीतून नुसता उठायचा आणि बसायचा, हाताचा आधार न घेता. काचेतून त्याचं डोकं वर-खाली होताना दिसायचं. पहिल्या आठवड्यात खुर्चीतून उठताना तोंड वाकडं व्हायचं. तिसऱ्या आठवड्यात ते सरळ झालं. एका पायावरचं उभं राहणं सुरुवातीला मी पाच मोजेपर्यंत टिकायचं, होळीपर्यंत मी तिसापर्यंत मोजायला लागले. एक गोष्ट मात्र तसूभर हलली नाही. लाल पाटीवरचा आकडा ९० चा ९०च. मी त्याला तसं बोलून दाखवलं, तर म्हणाला, "काटा धा-धा किलोनं मोजतो मावशी, माज्यासारख्याची त्याला काय पत्रास?"

मी एकच गोष्ट शिकवली. तो भिंत ढकलताना श्वास कोंडून धरायचा. नवशिकी पोरगी रंगमंचावर पहिल्यांदा आली की हेच करते, आणि तिसऱ्या ओळीला तिचा आवाज जातो. मी सांगितलं, ढकलताना सोड, मागे येताना घे. रस्त्याच्या या बाजूने मी हाताने लय धरायचे. गाड्यांच्या गोंगाटात आवाज पोचत नव्हता, पण हात दिसायचा.

"मावशे, हात खाली ठेव," जया म्हणायची. "पिंप नवंच आनलंय."

पाडव्याच्या आधीच्या रविवारी जालिंदरने मला गावाला नेलं. मंचरपासून दोन कोसांवर, डोंगराच्या अंगाला त्याची वाडी. तालीम बघायला या म्हणाला. यात्रेची खरी काठी आधी काढत नाहीत, म्हणून त्याच लांबीचा दुसरा बांबू घेतला होता, शेंड्याला ओली पोती बांधून. दोर धरायला गावातलेच चार जण; पिंप फोडणारा सयाजीही त्याच गावचा, तो त्यांत एक. भरतही आला होता, पस्तिशीचा, ट्रॅक्टरवाला शेतकरी, बोलायला मऊ. जालिंदरची आई, म्हाळसाबाई, ऐंशीच्या पुढची, ओट्यावर पाय पसरून बसली होती. मी तिच्याशेजारी बसले.

जालिंदरने पट्टा बांधला, बांबू वाटीत बसवला आणि उचलला. काय सांगू! पाय असे पडत होते की माझ्या पायांत चाळ वाजल्यासारखे झाले. रस्ता समोरून वळून शाळेकडे जातो, ओट्यावरून सगळा दिसतो. तो चालत गेला, काठी ताठ. शाळेच्या वळणापर्यंत गेला. आणि तिथे, गेल्या वर्षीच्याच जागी, शेंड्याची पोती डुलायला लागली. दोर ताणले गेले. काठी हळूहळू आडवी झाली.

तो परत आला तेव्हा अंगातून घामाच्या धारा. ओट्याच्या पायरीवर बसला. "पाय धड हायेत," तो म्हणाला. "कंबर बी बोलली न्हाई. पर हात संपत्यात. तिथं आलो की हातात कुनी वाळू भरल्यावानी व्हतं."

भरत दोर गुंडाळायला लागला. ते गुंडाळणं वाईट होतं.

मला एकच प्रश्न सुचला, तो आमच्या धंद्यातला. नटाने कितीही लांब पल्ला मारला तरी त्याची श्वास घ्यायची एक जागा ठरलेली असते. मी विचारलं, "जालिंदर, तुझे वडील दम कुठे घ्यायचे?"

"बा थांबायचा न्हाई. एका दमात न्यायचा. समद्या गावाला ठावं हाय."

शेजारून हसण्याचा आवाज आला. म्हाळसाबाई तोंडाला पदर लावून हसत होती.

"एका दमात? कोन म्हनतं?"

"आये, म्या सोता बघितलंय."

"तू काय बघितलंस? तू म्होरं ढोलापाशी नाचत व्हतास, ढुंगनाला चड्डी नसायची तवापासनं. तुला मागं वळून बघाया सवड व्हती का? आरं, तुजा बा पाच येळा थांबायचा. पाच इसाव्याची दगडं व्हती वाटंला. दगडात खळगा व्हता. त्या खळग्यात काठी ठिवायची, चौघांनी दोर ताठ वढायचं, काठी आपल्या आपन उभी. तुजा बा हात सोडायचा, झाडायचा, दोन उठाबशा काढायचा, पानी प्यायचा. ढोल वाजतच असायचा. मग म्होरं."

"पर बूड टेकलं की मान जातो ना?" भरतने विचारलं.

"मातीला टेकलं की! दगडाला न्हाई."

सयाजीच्या हातातला दोर अजून तसाच होता.

"मग ती दगडं गेली कुठं?" जालिंदर म्हणाला.

"सडक झाली न्हवं का, तवा निघाली. त्या सालची यात्रा तुजा बा सडकंनं गेला, थांबाया जागाच न्हाई. घरी आला आन म्हनला, म्हाळसे, म्या म्हातारा झालो. दुसऱ्या साली काठी तुज्या हातात दिली." म्हातारीने माझ्याकडे बघितलं. "समदी म्हनली, म्हातारा झाला. त्यो बी तसंच म्हनत मेला. आत्ता ह्या बाईनं इचारलं तवा माज्या ध्यानात आलं. म्हातारा न्हवता झाला. दगडं गेली व्हती."

सडक झाली तेव्हा जालिंदर तिशीचा, अंगात रग, त्यामुळे दगड नसल्याचं त्याला जाणवलंच नाही. वीस वर्षं न थांबता काठी नेली, आणि न थांबता नेणं हाच मान आहे असं त्यालाही वाटत राहिलं, गावालाही.

"एक तरी दगड सापडंल का, आज्जी?" भरत म्हणाला.

"सापडायचा कशाला? तुज्या मागंच हाय."

आम्ही सगळे वळलो. न्हाणीच्या शेजारी धुण्याचा दगड होता. काळा, सपाट, हातभर रुंद. मधोमध वाटीएवढा गुळगुळीत खळगा आणि त्या खळग्यात हिरवी साबणाची वडी.

"सडकंच्या कडंला पडला व्हता, म्हनून जालिंदरच्या बानं उचलून आनला," म्हातारी म्हणाली. "साबन लई ब्येस बसतो त्यात. घसरत न्हाई."

सयाजी आधी हसला, मग सगळेच. पण भरतचा पेच सुटला नव्हता. एकच दगड होता आणि जागा पाच. चार नवे घडवले तरी बसवायचे तर डांबर फोडावं लागणार, त्याला परवानग्या लागणार, आणि यात्रा तीन आठवड्यांवर.

"तुला ट्रॉली आनायची व्हती न्हवं?" म्हाळसाबाई म्हणाली. "आन की. ट्रॉलीत दगड घाल. म्होरं म्होरं ने आन जागंला ठिव."

भरतने डोक्यावरची टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली. "हे बी हाय," तो म्हणाला.

आता अडून बसला तो जालिंदर. "गावाला काय ठावं? म्हनतील, जालिंदर दमला, म्हनून जागोजाग थांबतोय."

मी त्याला म्हटलं, "अरे, आमच्याकडे शाहीर कवन म्हणतो तेव्हा मागे झीलकरी असतात. शाहिराचा श्वास संपत आला की ते 'जी जी' करून सूर उचलतात. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो. पुढे बसलेल्याला वाटतं, रंगत आली. तो दमला असं आजवर कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. तुझे हे चार दोरवाले झीलकरी आहेत. त्यांना सूर धरू दे की."

तो नुसता दगडावरची साबणाची वडी उचलून खळगा बघत बसला. पण दुसऱ्या दिवशी प्लेटवर आला तेव्हा त्याने एक नवीन गोष्ट सुरू केली. दोन्ही हात खाली सोडून मनगटं झाडायची, बोटं सैल करायची. त्याचा बाप करायचा म्हणे.

यात्रेच्या दिवशी सकाळी नऊला काठी निघाली. मी आणि जया टपरी बंद ठेवून गेलो होतो. पुढे ढोल, त्याच्या पुढे भरतचा ट्रॅक्टर, ट्रॉलीत हळद-कुंकू लावलेला धुण्याचा दगड. बघायला आलेल्या पाहुण्यांना काही उलगडेना. "ह्यो कुठला देव?" असं एक बाई विचारत होती आणि तिने दगडाला हातही जोडले.

पहिला विसावा पिंपळापाशी. दोघांनी दगड उतरवला, जालिंदरने काठीचं बूड खळग्यात ठेवलं, चौघांनी दोर ओढले. काठी एकटी उभी राहिली, कळस उन्हात. जालिंदरने हात सोडले, मनगटं झाडली, टाचा वर-खाली केल्या, दोन उठाबशा काढल्या.

"ह्यो काय पीटीचा तास हाय का?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"मागं घेऊ का मागं?" दोर धरलेला सयाजी ओरडला. जालिंदरही हसला. मला बरं वाटलं. हसणाऱ्या माणसाचा श्वास कोंडत नाही.

दुसरा विसावा सुखाचा झाला. एव्हाना म्हाताऱ्या बायका एकमेकींना सांगायला लागल्या होत्या, "आगं, हितं थांबायचीच की काठी. मला आठवतंय." ज्यांना आठवत नव्हतं त्याही सांगत होत्या.

तिसरा शाळेच्या वळणावर. आणि तिथे ट्रॉली नव्हती.

पाळणेवाल्याचा टेम्पो वळणापलीकडे आडवा अडकला होता आणि गर्दीच्या रेट्यात वळण ओलांडून गेलेला भरतचा ट्रॅक्टर त्याच्या मागे रुतलेला. दगड पन्नास पावलांवर दिसत होता, पण पोचत नव्हता. मागून माणसं रेटत होती, त्यामुळे परत फिरणं नाही. जालिंदर वळणावर आला आणि थांबला. काठी त्याच्या कमरेच्या वाटीत आणि दोन्ही हातांत. त्याच लिंबाच्या झाडाखाली. शेंड्याची मोरपिसं हलली.

मी शाळेच्या पायरीवर चढले. गुडघ्यांची आठवण ठेवली नाही. त्याचं तोंड मला दिसलं, दातावर दात दाबलेले, छाती फुगलेली, गच्च. श्वास कोंडला होता. मी हात वर केला आणि टपरीतून धरायचे तशी लय धरली. सोड. घे. सोड. घे. हजार माणसांच्या गर्दीत म्हातारी हात करतेय म्हणून लोक बाजूला सरकले. त्याची नजर फिरली, माझ्या हातावर आली. छाती खाली बसली. मग टाचा हलायला लागल्या, थोड्याशा, उजवी, डावी, प्लेटवर हलायच्या तशा. भार या पायावरून त्या पायावर. मोरपिसं थांबली.

पलीकडे भरत आणि आणखी दोघांनी ट्रॉलीतून दगड उचलला आणि तिघांत मिळून छातीशी धरून धावत निघाले. "सरका! दगड आला! सरका!" मी मोजत होते, सवयीने. गाडी उतरून दुसरी चढेपर्यंत जेवढा वेळ जातो तेवढा गेला. दोन मिनिटं, थोडी वर. गेल्या दोन-अडीच महिन्यांत जालिंदरने रोज बारा वेळा असली दोन मिनिटं काढली होती. दगड खाली आला, बूड खळग्यात बसलं, सयाजीने दोर असा ओढला की त्याच्या मानेच्या शिरा उभ्या राहिल्या.

जालिंदरने हात सोडले. ते थरथरत होते. त्याने ते झाडले, सगळ्यांच्या देखत, सावकाश, बोट न् बोट. या वेळी कुणी हसलं नाही. ढोलवाल्याने लय धरून ठेवली, आणि मागच्या माणसांनी आपोआप "भैरोबाच्या नावानं चांगभलं" सुरू केलं, तो उठाबशा काढून पाणी पिऊन पुन्हा हात लावेपर्यंत.

पुढचं सांगण्यासारखं फारसं नाही. चौथा विसावा झाला, पाचवा टेकडीच्या पायथ्याशी झाला, आणि साडेअकराच्या सुमाराला काठीचा कळस देवळाच्या शिखराला टेकला. भरतने स्वतः गुलाल लावला आणि म्हणाला, "नाना, पुढल्या साली दगडाला येगळी ट्रॉली लावतो, पाळन्याच्या म्होरं काढतो." तेवढ्यावर ट्रॉलीचा विषय मिटला.

संध्याकाळी आम्ही वाडीवर टेकलो होतो. माणसं येत होती, जालिंदरच्या पाया पडत होती, दगडालाही पडत होती. कुणीतरी म्हणालं, हा दगड आता देवळात ठेवायला पाहिजे, त्याला छोटी घुमटी बांधू. चार जणांनी माना डोलावल्या.

म्हाळसाबाई ओट्यावरून उठली. "देवळात?" ती म्हणाली. "आन उंद्या धुनं कुठं धुवू मी? यात्रंची लुगडी पडल्यात तितं ढीगभर." तिने सयाजीला हाताने खूण केली, न्हाणीकडे, मागं, मागं. सयाजीने आणि भरतने दगड निमूट उचलून जागेवर नेऊन ठेवला. म्हातारीने खळग्यातलं कुंकू पाण्याने धुतलं आणि साबणाची वडी त्यात बसवली.

दोन दिवसांनी मी टपरीत होते. कांद्याचा एक ट्रक काट्यावरून उतरला, धूळ बसली आणि जालिंदर केबिनमधून बाहेर आला. प्लेटच्या मधोमध एका पायावर उभा राहिला. लाल पाटीवर ९०.

"आता कशाला रे? यात्रा झाली की!" मी ओरडले. आवाज पोचला नसावा. त्याने माझ्याकडे बघितलं, हात वर केला आणि बोटाने खुणावलं, तुम्ही पण उठा.

मी जेमतेम उठले, तोच जयाने माझी खुर्ची मागे ओढून घेतली.